पाण्याचा दिवस, चाळीस कुंड्या आणि गंजलेलं खुरपं

जाई_जुई
६ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. पुढं दहा बाय बाराचं अंगण आहे, त्यात लिंबू, कढीपत्ता आणि दोन जास्वंदी, आणि वर गच्चीवर लहानमोठ्या मिळून ४० कुंड्या. मोगराच सात कुंड्या. सोलापूरकरांना सांगायला नकोच पण बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं ते कधी पहाटे साडेतीनला तर कधी रात्री अकराला. त्या दिवशी घरात लग्नघर असतं नुसतं. पिण्याचं भरा, हौद भरा, मोटर लावून वरची टाकी चढवा, आणि हे सगळं झाल्यावर नळ जाईपर्यंत जी काय वीस-पंचवीस मिनिटं उरतात त्यात झाडं. पाणी आलंय म्हटल्यावर हात सैल सुटतो, कुंड्या तुडुंब भरतात, खालून लाल पाणी गच्चीभर. आणि एवढं करून चौथ्या दिवशी मोगरा मान टाकून बसलेला.

दुसरं दुखणं हत्यारांचं. माती मऊ असते म्हणून खुरपं, कुदळ, सेकेटर (छाटणीची कात्री) सगळं पाण्याच्या दिवशीच बाहेर काढते. मग मोटर बंद करायला पळा, दूधवाला आला, असं करत ती तशीच चिखलासकट जिन्याखाली गोणपाटावर टाकली जातात. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतून घेतलेलं नवं कोरं खुरपं तीन महिन्यांत तांबडं झालं. सेकेटर तर परवा उघडलीच नाही. फावड्याचा दांडा निघून हातात आला, मिस्टर म्हणाले आता हे फावडं भिंतीवर ढालीसारखं लाव. आणि हिरवा पाइप गच्चीतच पडलेला असतो, त्याला तीन ठिकाणी चिरा गेल्यात, चिकटपट्टी लावली की पुढं चौथी.

तर प्रश्न दोन. पाच दिवसांत एकदा पाणी येणाऱ्या गावात कुंड्यांना कसं पुरवायचं? आणि शेड बांधायला जागा नसताना हत्यारं कुठं आणि कशी ठेवायची? वरच्या गच्चीवर पत्र्याची पेटी ठेवावी असा विचार आहे.

गच्चीवाली_पुणे
६ एप्रिल, रात्री ११:२०

छान धागा! माझा अनुभव सांगते. मी सगळ्या कुंड्यांत कोकोपीट निम्मं आणि निम्मं गांडूळखत भरते, एकदम हलकं राहतं, आणि रोज सकाळ-संध्याकाळ झारीने हलकं पाणी देते. हलकं पण नियमित, हा मंत्र. हत्यारांसाठी ऑनलाइन छान प्लॅस्टिकचे स्टँड मिळतात, मी बाल्कनीत लावलाय, दिसतोही सुंदर.

पार्कचौक
६ एप्रिल, रात्री ११:५२

सकाळ-संध्याकाळ म्हणे. आमच्याकडं पाव्हणे आले तर आधी विचारतात पाणी कधी आलतं. रोज दोनदा झारी धरायची तर उजनी धरणातनं वेगळी लाइन टाकावी लागंल की, शंभरेक किलोमीटर हाय फक्त 😀

ताई, गच्चीवर पत्र्याची पेटी नका ठेवू. मी ठेवलतो. मे महिन्यात झाकण उघडायला गेलो तर बोटं भाजली, आतला फवारा पंपाचा प्लॅस्टिकचा डबा पापडासारखा वाकडा झालता. बाकी मी पण तेच करूलालो जे तुमी करूलालाव, म्हणून उत्तर नाही माझ्याकडं, वाचनखूण साठवून ठेवतो.

जाई_जुई
७ एप्रिल, सकाळी ७:१०

गच्चीवाली, धन्यवाद, पण रोजचं खरंच जमणार नाही. पार्कचौक, पेटीचं बरं सांगितलंत, वाचले पैसे.

मालदांडी
७ एप्रिल, सकाळी ९:३५

ताई मी मंगळवेढ्याकडचा, ज्वारीवाला, गच्चीचं मला काही कळत नाही, पण तुमचा धागा वाचून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवेना. तुमचे प्रश्न दोन नाहीत, एकच आहे. तुम्ही पाणी आणि खुरपं एकाच दिवशी हातात घेता. आमच्यात पाणी दिलेल्या रानात त्याच दिवशी कोण पाय ठेवत नाही. काळ्या मातीत ओलं असताना हत्यार घातलं की दोन्हीकडून नुकसान, मातीचे ढेप होतात आणि वाळल्यावर दगडासारखे बसतात, आणि हत्याराला गाळ असा चिकटतो की धुवायला परत पाणी. वाट बघायची वाफसा यायची, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी माती व्हायची. मुठीत माती दाबा, लाडू झाला पाहिजे आणि अंगठ्यानं दाबला की फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर अजून थांबा, मुठीतच भुगा झाला तर उशीर केला. अंगणात तुमच्या पाण्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येईल, कुंडीत उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी सकाळी.

तेव्हा खुरपा. त्याचे दोन फायदे. हत्यार जवळजवळ कोरडं बाहेर येतं, कापडानं पुसलं की झालं, ते गंजायचं अर्धं कारण तिथंच गेलं. आणि दुसरं मोठं, पाणी वाचतं. आमच्याकडं म्हणतात एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. वरची दोन बोटं माती भुसभुशीत केली की खालची ओल वर चढायची वाट तुटते, आणि काळ्या मातीला ज्या भेगा पडतात त्या बुजतात. भेग म्हणजे रानाला पडलेली उघडी खिडकी, तिच्यातनं वारा आत जाऊन खालपर्यंत वाळवतो. उन्हाळ्यात आमच्याकडं हात जाईल एवढ्या भेगा असतात, तुमच्या लिंबाच्या आळ्यातपण असतील, बघा. तुमच्या सोलापुरातच १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आहे, पडणारं पाणी जमिनीत कसं धरून ठेवायचं हाच तिथला मूळ विषय. ओल धरायची ही विद्या आपल्याच जिल्ह्यातली आहे, ती गच्चीवर न्यायची फक्त.

खुरपून झालं की वरून पाचट, पालापाचोळा, भुईमुगाची टरफलं, जे मिळेल ते चार बोटं पसरा. बुंध्याला चिकटवू नका, वीतभर सोडा, नाहीतर वाळवी येते.

कानस
७ एप्रिल, दुपारी १:०५

मालदांडीशी सहमत. मी मिलमध्ये फिटर होतो, झाडांपेक्षा लोखंड जास्त ओळखतो. ताई, तीन महिन्यांत नवं खुरपं तांबडं होणं हे सोलापूरच्या कोरड्या हवेत जरा जास्तच वाटतं. ही काय कोकणातली हवा नाही. जिन्याखाली त्या कोपऱ्यात अजून काय काय ठेवलंय? सगळं सांगा.

जाई_जुई
७ एप्रिल, दुपारी ३:४८

काका, मोटर आहे, तिच्या पाइपच्या जोडातून थेंब थेंब गळतं. जुने पेपर. मुलाची सायकल. गोणपाट. आणि भावानं शेतातून आणून दिलेलं अर्धं पोतं युरिया, तोंड उघडंच असतं त्याचं, त्यालाच टेकून कुदळ उभी असते.

कानस
७ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

सापडला चोर. युरिया हवेतली ओल ओढून घेतो, बाकीची रासायनिक खतंपण कमीजास्त तेच करतात, आणि ते खारट ओलं लोखंडाला लागलं की गंज पळत येतो. युरियाला टेकून कुदळ म्हणजे मिठात सुई. गोणपाटपण ओल धरतं. तेव्हा आधी खत झाकणाच्या बादलीत आणि हत्यारांपासून लांब, शक्यतो दुसऱ्याच खोलीत. फवारणीची औषधं असली तर ती कुलपात, लेकरांचा हात पोचणार नाही अशी. आणि मोटरीचा जोड टेप लावून बंद करा, पाणी चार दिवसांनी येणाऱ्या घरात नळ ठिबकतोय ही गोष्ट वाचूनच मला त्रास झाला.

आता जागा. जिन्याखालीच ठीक आहे, सावली आहे, फक्त जमिनीवर काही ठेवायचं नाही. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक लाकडी पट्टी ठोका, तिला खिळे. खुरपं, विळा, पंजा, सेकेटर असं लटकवा, पात्याचं तोंड भिंतीकडं. फावडं, कुदळ यांच्यासाठी ४ इंची पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे कापून भिंतीला स्क्रूनं बसवा, वरून दांडा आत सोडायचा, पातं वर अडकून राहतं. प्लंबरकडं असे तुकडे पडलेले असतात, चहावर देतो. त्याच पट्टीला एक जुनं फडकं बांधून ठेवा, फडकं हाताशी नसेल तर कोण पुसत नाही हे मी तीस वर्षं वर्कशॉपमध्ये बघितलंय. मोठे साहेबसुद्धा पुसत नाहीत.

गंज आता कसा काढायचा? खुरपं, कुदळ रात्रभर व्हिनेगरात किंवा चिंचेच्या दाट पाण्यात बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, मग सोड्याच्या पाण्यातनं काढून लगेच कोरडं करा, आंबट राहिलं तर परत गंजतं. त्यानंतर तेलाचा हात. एका बादलीत कोरडी वाळू भरून त्यात जुनं इंजिन ऑइल थोडं मुरवा, काम झालं की खुरपं तीन-चारदा खुपसून काढा, घासतंही आणि तेलही लागतं. आमच्या वर्कशॉपचा नुस्का.

दांड्याचं असं, दांडा बाभळीचा असला तरी सोलापूरच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आखडतं आणि फावड्याच्या नाळीत सैल होतं. लोक पाण्यात भिजत घालतात, फुगून घट्ट बसतो, पण वाळला की पहिल्यापेक्षा सैल. लोहाराकडून पाचर मारून घ्या. आणि लाकडाला वर्षातनं दोनदा तेल. शेंगतेल नको, ते चिकट राहतं आणि धूळ धरतं. जवसाचं सगळ्यात चांगलं, ते वाळून पापुद्रा धरतं. आपल्याकडं करडई आहेच, करडईचं तेलही वाळतं, जरा जास्त दिवस लागतात एवढंच. एक महत्त्वाचं राहिलं, जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून डब्यात कोंबू नका. ते वाळताना तापतं आणि स्वतःहून पेट घेऊ शकतं, आणि आपल्याकडच्या ४३ डिग्रीत तर नकोच. दोरीवर पसरून वाळवायचं.

डाळिंबवाला
७ एप्रिल, रात्री ९:१५

काका बाकी सगळं पटलं पण इंजिन ऑइल नको. तेच खुरपं परत कोथिंबिरीच्या वाफ्यात जाणार. जळकं तेल मातीत गेलेलं चांगलं नाही, खाण्याच्या तेलात वाळू मुरवली तरी चालतंय.

मी सांगोल्याकडचा, डाळिंब. आमच्यात सेकेटरची शिस्त लई कडक असते कारण तेल्या रोग. एका झाडाची फांदी छाटली आणि तीच कात्री दुसऱ्या झाडाला लावली की रोग चालत जातो. म्हणून आम्ही झाडागणिक सेकेटर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवतो. घरी एवढं नको, स्पिरिटचा बोळा फिरवला तरी पुरे, पण रोगट फांदी कापल्यावर फिरवाच. आणि ब्लीचचं पाणी वापरलं तर नंतर धुवून तेल लावा, ते लोखंड खातं.

ताई, पाण्यासाठी ठिबक टाका की. १६ एमएमची नळी, प्रत्येक कुंडीला ४ लिटरचा एक ड्रीपर, टाकीला जोडायचं, वॉल उघडला की झालं.

कानस
७ एप्रिल, रात्री ९:४०

तीस वर्षं हेच तेल वापरलंय, माझ्या घरची अळूची पानं गल्ली खाते. असो. ज्याची त्याची बादली.

शंकासुर
७ एप्रिल, रात्री ११:०२

डाळिंबवाले, ठिबक गच्चीवर एवढं सरळ नाही. (मी शाळेत विज्ञान शिकवायचो, सवय जात नाही.) ड्रीपरवर ४ लिटर लिहिलेलं असतं ते साधारण १ किलो दाबाला, म्हणजे पाण्याची पातळी दहा मीटर वर हवी. शेतात तुमचा पंप तो दाब देतो. ताईंची टाकी गच्चीतच, पायथा समजा मीटरभर उंच. म्हणजे दाब एक दशांश. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ४ लिटरच्या ड्रीपरमधून तासाला सव्वा लिटरच पडणार. ते वाईट नाही, उलट कुंडीला हळू मुरलेलं चांगलं, फक्त अर्ध्या तासात झालं असं समजून वॉल बंद करू नका. आणि दुकानदार भारीतला म्हणून सगळीकडं सारखं पाणी देणारे दाब-नियंत्रित ड्रीपर गळ्यात मारेल, ते घेऊ नका, एवढ्या कमी दाबाला ते नीट चालतच नाहीत. साधे घ्या, आणि सुरुवातीला जाळीचा फिल्टर लावाच. अंगणातल्या लिंबाला मात्र टाकी चार-साडेचार मीटर वर पडते, तिथं बरंच जास्त येईल, म्हणून दोघांना वेगळे वॉल.

आता हिशोब करू. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये उघड्या घमेल्यातलं पाणी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उतरतं. बारा इंची कुंडीचं तोंड सुमारे ०.०७ चौरस मीटर, म्हणजे दिवसाला ०.७ लिटर. झाडाची पानं कुंडीच्या बाहेरपर्यंत असतात म्हणून एक लिटर धरा. ४० कुंड्या, ५ दिवस, २०० लिटर. म्हणजे एक ड्रम. ताई, तुमचा प्रश्न पाणी कमी असण्याचा नाहीच, तुम्ही पाच दिवसांचं पाणी एका दिवशी पाजताय. कुंडी म्हणजे हौद नाही, तिच्यात बसेल तेवढंच बसतं, उरलेलं लाल पाणी होऊन गच्चीवर जातं आणि जाताना खतही घेऊन जातं. पाण्याच्या दिवशी झाडांना पाणी घालूच नका. ड्रम भरा. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज निवांत उठून मगानं मोजून घाला.

मगानं घालताना एकदम ओतायचं नाही. सुकलेली माती, विशेषतः कोकोपीट, पाणी घेतच नाही, कडेच्या फटीतून सरळ खाली पळतं आणि आपल्याला वाटतं भिजलं. अर्धा मग घाला, सगळी रांग फिरून या, मग उरलेला अर्धा.

जाई_जुई
८ एप्रिल, सकाळी ६:५०

मास्तर, हे वाचून मी रात्री अकराला उठून कुंडीचं तोंड मोजलं. बाराच इंच आहे 🙂 पाण्याच्या दिवशी पाणी घालायचं नाही हे ऐकायला इतकं विचित्र वाटलं की घरात दोनदा वाचून दाखवलं. सासूबाई म्हणतात बोटभर खाली ओल आहे का बघून घालत जा, आम्ही तसंच करायचो, तुमची पिढी घड्याळ बघून घालते.

एक शंका. दुपारी दोनला गेलं की जास्वंद एकदम लोंबलेली असते, तेव्हा घालू का? लोक म्हणतात उन्हात पाणी घातलं की थेंबांनी पानं जळतात.

मालदांडी
८ एप्रिल, सकाळी ८:२०

सासूबाईंना नमस्कार सांगा.

दुपारची जास्वंद बघायचीच नाही. ऊन एवढं असतं की मुळाशी ओल असली तरी पानं ढिली सोडतंय झाड, संध्याकाळी आपोआप उभं राहतं. सकाळी सातला मान खाली असेल तर खरी तहान.

शंकासुर
८ एप्रिल, सकाळी १०:००

थेंब भिंगासारखे जाळतात हा समज आहे. जाळतं ते उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी, हात लावून बघा, चहा होईल. ते आधी बादलीत सोडा. आणि दुपारी न घालायचं कारण एवढंच की बरंचसं हवेतच जातं. सकाळी आठच्या आत घाला. संध्याकाळी सहाला आपला स्लॅब अजून तापलेला असतो, त्यापेक्षा रात्री जेवणानंतर बरं, फक्त पानं भिजवू नका, बुरशी येते. कुंड्या स्लॅबवर थेट नको, दोन विटांवर ठेवा.

पार्कचौक
८ एप्रिल, दुपारी १२:३०

माझी आयडिया सांगू का. घरात जुन्या सोलापुरी चादरी ढीगभर पडलेल्या, त्या फाडून ओल्या करून कुंड्यांवर पसरवलो. पाचट कशाला पाहिजे मग, चादरीच्या गावात? पण एक कळंना, दोन दिवसांत कुंडी आधीपेक्षा लवकर सुकूलालीय.

शंकासुर
८ एप्रिल, दुपारी १:१५

सुकणारच. सुती कापड म्हणजे दिव्याची वात. मातीतली ओल वर ओढून उन्हाला देतंय, त्यात कडेनं खाली लोंबत असेल तर विचारूच नका. पाचोळा पोकळ असतो, कोरडा राहतो, म्हणून झाकतो. चादर वर दोरीला बांध आणि सावली कर तिची, दुपारी बारा ते चार, तिथं ती कामाची.

पार्कचौक
८ एप्रिल, दुपारी १:३२

अय्यो. म्हणजे मी झाडं वाळत घातलो की.

रानजाई
८ एप्रिल, दुपारी ४:१०

+१ शंकासुर. शिवाय जिन्याखाली हातमोजे ठेवत असाल तर घालण्याआधी झटका. आमच्याकडं बाळ्याला एकदा मोज्यात विंचू निघाला, तेव्हापासून मोजे चिमट्याला उलटे टांगते.

अनामिक_बाग
८ एप्रिल, संध्याकाळी ६:००

प्रतिसाद काढून टाकला आहे. दोनदा पडला होता.

कुंभारवेस
८ एप्रिल, रात्री ८:४५

लिंबाला आणि मोठ्या कुंड्यांना माठ का नाही वापरत? बिनरंगाचं, कच्चं दिसणारं साधं मडकं घ्यायचं, गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाणी भरून तोंडावर परळ. माती सुकली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. माझ्याकडं लिंबाच्या आळ्यात दोन मडकी आहेत, प्रत्येकी पाच-सहा लिटरची, पाण्याच्या दिवशी भरते आणि पुढच्या पाण्यापर्यंत बघत नाही. एक सांगते, आपल्या बोअरचं पाणी जड आहे, त्यानं वर्षभरात मडक्याची भोकं पांढरी होऊन बुजतात, मग काढून काथ्यानं घासायचं नाहीतर बदलायचं. नळाचं पाणी भरलं तर जास्त टिकतं. ठिबकच्या नळ्यापण बोअरच्या पाण्यानं अशाच बुजतात बरं का.

आणि तो २०० लिटरचा ड्रम भराल ना, त्याला घट्ट झाकण किंवा जाळीचं कापड पाहिजेच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला तयार. दर पाण्याला ड्रम पूर्ण रिकामा करून, आतून घासून मगच भरा.

डाळिंबवाला
८ एप्रिल, रात्री ९:०५

आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचं कोण बोललं नाही. सगळं झाडांना घालू नका, त्यात क्षार जास्त असतात, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांचे शेंडे जळतात. बोगनवेलीला अधूनमधून चालतंय, बाकी गच्ची धुवा. एसीचं पाणी मात्र चांगलं, त्यात क्षार नसतात, शोभेच्या झाडांना खुशाल घाला.

आणि आपल्या चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती तहान नाही, लोह मिळत नाही झाडाला. लोक पिवळं दिसलं की पाणी वाढवतात आणि अजून बिघडतं.

जाई_जुई
१४ मे, रात्री ९:३०

मंडळी, महिन्याभरानं परत आले. इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, म्हटलं करून बघितल्याशिवाय नुसतं धन्यवाद टंकायचं नाही.

आधी काय फसलं ते. ठिबक वीस कुंड्यांना टाकलं, फिल्टर उद्या लावू म्हणून राहिला, आठवड्यात नऊ ड्रीपर बंद. टाकीच्या तळाचा गाळ. आता फिल्टर लावलाय आणि ड्रीपर काढून रात्रभर व्हिनेगरात ठेवले, सात सुटले. दोन मडक्यांतलं एक पुरतानाच तडकलं. पाचट मिळवायला कुंभारीच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडं गेलो तर स्कूटरवर एवढी पिसं उडाली की मिस्टर दोन दिवस बोलले नाहीत.

जमलेलं सांगते. पाण्याच्या दिवशी मी आता झाडांकडं बघतही नाही. पहिल्या वेळेला हात शिवशिवत होता, खरंच. ड्रम भरला की झाकण. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला मग घेऊन गच्चीवर, मास्तरांनी सांगितलं तसं अर्धा अर्धा, चाळीस कुंड्यांना अर्धा तास लागतो. २०० लिटरचा हिशोब पाचट टाकल्यावर खाली आला, परवा पाणी सहाव्या दिवशी आलं तरी ड्रमात वीतभर शिल्लक होतं. मोगऱ्याच्या सातपैकी पाच कुंड्या फुलल्यात, उरलेल्या दोघी पश्चिमेच्या कठड्याला आहेत, तिथं पार्कचौक यांची चादर बांधलीय.

खुरपणी मालदांडी दादांच्या लाडवावर. रोज सकाळी एका कुंडीत मूठ दाबून बघते, सासूबाई खालून विचारतात झाला का लाडू. लिंबाच्या आळ्यातली भेग बुजवायला दोन घमेली माती लागली, एवढी खोल होती.

जिन्याखाली पट्टी ठोकली, पाइपचे चार तुकडे प्लंबरनं खरंच चहावर दिले. युरिया भावाला परत. खुरपं चिंचेच्या पाण्यात ठेवलं होतं, अजून काळपट डाग आहेत पण बोट फिरवलं तर लाल लागत नाही. तेल करडईचं लावलं, काकांचा आणि डाळिंबवाल्यांचा दोघांचाही मान राखून बादली अजून केलेलीच नाही. नवा पाइप जुन्या सायकलच्या रिमवर गुंडाळून सावलीत भिंतीला. आधी खिळ्यावर टांगायचे तिथंच त्याला घडी पडून चिरा जायच्या हे आता कळलं.

सेकेटर मात्र हट्टी आहे. सगळी खोलून साफ केली, कानस काकांनी मला खाजगी निरोपात सांगितलं तशी एकाच बाजूनं कानस मारून धारही काढली, कापते छान, पण कापून झाल्यावर उघडत नाही, दर वेळी दोन्ही हातांनी ओढावी लागते. फोटो चढवलाय.

कानस
१४ मे, रात्री १०:०५

फोटो बघितला. धार उत्तम आलीय, माझ्या हाताखालच्या पोरांना एवढी जमत नव्हती. बोल्ट जास्त आवळलाय का बघा, पाव आटा सैल सोडा. आणि ती स्प्रिंग नीट बघा बरं, निमुळतं टोक कुठल्या बाजूला आहे? मला उलटी बसवलेली दिसतेय.

जाई_जुई
१४ मे, रात्री १०:२१

काका, उलटीच होती.